उत्तरेला पाठवलेली मुलं

मीनल देवस्थळी सतरा वर्षांची होती तेव्हा लंडनच्या ईलिंग भागातल्या एका बसस्टॉपवर तिच्यासमोर नंदूला भोसकलं. शाळा नुकती सुटली होती. लोक चिप्स खात उभे होते.

नंदू म्हणजे तिच्या धाकट्या भावाचा, यशोधनचा वर्गमित्र. त्या भागात मोठ्या मुलांची एक टोळी होती. शाळेतल्या पोरांना धाक दाखवून ते त्यांना ड्रग्जची पाकिटं इकडून तिकडे न्यायला लावत. नंदू नाही म्हणाला, आणि वर हेडटीचरना सांगूनही आला. त्या दिवशी यश शिक्षा म्हणून शाळा सुटल्यावरही डिटेन्शनमध्ये अडकला होता, म्हणून नंदू एकटाच स्टॉपवर आला होता. मीनल तिच्या कॉलेजमधून येताना बस बदलायला तिथेच उभी होती.

मारणाऱ्याचा चेहरा तिनं पाहिला. तो डीन होता. त्यांच्याच मागच्या रस्त्यावर राहायचा. प्रायमरीत असताना मीनल त्याच्या बहिणीच्या वाढदिवसाला त्यांच्या घरी गेली होती.

अँब्युलन्स येईपर्यंत नंदूचं डोकं तिच्या मांडीवर होतं. हॉस्पिटलात पोचायच्या आधीच तो गेला.

मीनलनं पोलिसांना डीनचं नाव सांगितलं. घरी आली, टाइट्स धुवायला टाकल्या, आणि आईनं वाढलेला भात सगळा खाल्ला. आई, म्हणजे अलका, तिच्याकडे बघत राहिली.

"मिनू, रडून घे गं," ती म्हणाली.

"येतच नाहीये, आई."

डीनला पकडलं, पण बाकीचे मोकळे होते. दोन आठवड्यांनी त्यांनी यशला पार्कात गाठलं. तिघांनी धरलं आणि चौथ्यानं त्याच्या तळहातावर सिगरेट विझवली. "बहिणीला सांग, तिनं काही पाहिलेलं नाही."

बाबा हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. त्यांनी स्वतःच यशच्या हाताला पट्टी बांधली. बांधून झाल्यावर ते मीनलला म्हणाले, "स्टेटमेंट मागे घे. अंधार होता म्हण."

"अंधार नव्हता, बाबा."

"मला कळतंय गं ते."

मग अलकानंच विषय संपवला. "कोर्टाचं पुढे बघू. आधी या दोघांना इथून हलवा. मधूवन्सं आहेत ना तिकडे."

मधुमतीआत्या बाबांची थोरली बहीण. स्कॉटलंडच्या पार वरच्या टोकाला, फ्रेझरबर्ग नावाच्या मासेमारीच्या गावात ती जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर होती. एकटीच राहायची. तिनं फोनवर एवढंच विचारलं, "कधी येतायत?"

किंग्ज क्रॉसवर बाबा सोडायला आले. ट्रेन सुटेपर्यंत ते प्लॅटफॉर्मवर लोकांचे चेहरे न्याहाळत होते. मुलांचा निरोप घ्यायचा त्यांच्याकडून राहूनच गेला.

डोन्कास्टर गेलं, यॉर्क गेलं. न्यूकासलच्या पुलावर यशनं विचारलं, "ताई, आपण परत कधी जाणार?"

"माहीत नाही."

"मी डिटेन्शनमध्ये नसतो तर—"

"तर तूही मेला असतास. सँडविच खा."

आपण हे असं कसं बोललो, याचं तिला तेव्हा काही वाटलं नाही. खिडकीबाहेर समुद्र लागला. तो राखाडी होता. ती तो बघत राहिली, भिंतीकडे बघावं तसा.

आत्या अॅबर्डीनला गाडी घेऊन आली होती. तिनं दोघांना जवळबिवळ घेतलं नाही. पुढच्या सीटवर हॉट वॉटर बॅग ठेवलेली होती, ती तिनं यशच्या मांडीवर दिली.

फ्रेझरबर्गमध्ये सगळीकडे माशांचा वास होता आणि वारा कधी थांबायचा नाही. शाळेत मुलं "फिट लाइक?" म्हणायची. यशला वाटलं, तब्येतीची चौकशी चाललीय, म्हणून तो दर वेळी "येस, व्हेरी फिट" म्हणायचा. मुलं हसायची, पण त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. ते नुसतंच 'कसं काय' होतं हे त्याला पुढे कळलं. नाताळपर्यंत तो बंदरावरच्या मुलांबरोबर फुटबॉल खेळू लागला. मीनल तिथल्या शाळेच्या वरच्या वर्गात जायची, घरी यायची, आत्याला पोळ्या लाटून द्यायची. कोणी दार वाजवलं की लाटणं हातात धरून थांबायची, आवाज ओळखीचा निघाला की पुन्हा लाटायला लागायची.

"तुला काय होतंय ते मला सांग," आत्या एकदा म्हणाली. "डॉक्टर म्हणून नाही विचारत."

"काहीच होत नाही, आत्या. तेच सांगते. काहीच होत नाही."

आत्यानं मान हलवली आणि पोळी तव्यावर टाकली.

मार्चमध्ये पोलिसांचा फोन आला. केस उभी राहत होती. मीनलनं यायलाच हवं होतं, कारण बसस्टॉपवरच्या बाकी कोणालाच काही आठवत नव्हतं. बाबांनीही फोन केला. "नको येऊस," ते म्हणाले, आणि मग, "काय ते तुझं तू ठरव."

ती गेली. कोर्टात डीन सूट घालून बसला होता. सूट त्याला मोठा होत होता. त्याच्या वकिलानं तिला उलटसुलट विचारलं: किती लांब होतीस, चष्मा होता का, नक्की तोच का. ती उत्तरं देत गेली. आवाज आपला नसून शेजारच्या कोणाचा तरी आहे असं तिला वाटत होतं. डीनची बहीण वर गॅलरीत रडत होती.

डीन दोषी ठरला. बाबांनी ते तिला गाडीत सांगितलं. ती "ओके" म्हणाली. मग म्हणाली, "मला नंदूकडे जायचंय."

नंदूच्या आईनं, अनुराधाकाकूंनी, दार उघडलं. त्यांनी तिला बसवलं, पोहे केले, ती खाईपर्यंत समोर बसून राहिल्या. मग हळूच विचारलं, "तो काही बोलला का गं? शेवटी? मला कोणी सांगतच नाही."

कोर्टात हे कोणी विचारलं नव्हतं. पोलिसांनीही नाही.

"बोलला," मीनल म्हणाली. "मराठीत बोलला, काकू. आम्ही एरवी इंग्लिशच बोलायचो. तो म्हणाला, 'बस गेला का?'"

काकू बराच वेळ पदराचा काठ सरळ करत राहिल्या.

"गेली," त्या म्हणाल्या. "बस गेली म्हणायचं. किती वेळा सांगितलं होतं त्याला."

दुसऱ्या दिवशी मीनल परत उत्तरेला निघाली. आता तिथे राहायची सक्ती नव्हती, पण ईलिंगला परत यायचं कोणाच्या तोंडून निघालं नाही. पुढे वर्षभरात आईबाबाही घर विकून अॅबर्डीनला आले.

त्या दिवशी ती फ्रेझरबर्गला पोचली तेव्हा आत्याचा दवाखाना चालू होता आणि यश मागच्या अंगणात वाऱ्यानं पडलेलं कुंपण उभं करत होता. त्यानं सगळं विचारलं. तिनं सगळं सांगितलं, पोह्यांचं, काकूंचं, बसचं.

यश एकदम हसला. "तो नेहमी असाच बोलायचा. माझा आई, माझा बस." हसता हसता तो खाली बसला आणि कुंपणाच्या फळीला डोकं टेकून मोठ्यानं रडायला लागला.

मीनलनं वाट पाहिली, आता आपल्यालाही येईल. आलं नाही. मग तिनं फळीचं दुसरं टोक धरलं, वाऱ्यानं ती त्याच्या अंगावर पडू नये म्हणून, आणि त्याचं होईपर्यंत तशीच उभी राहिली.