आलो, आले

टेबलावरच्या हाडाला कुणी ‘तो’ म्हटलं की ते अरुंद होतं, ‘ती’ म्हटलं की रुंद. म्हणून आमच्या प्रयोगशाळेत सगळे ‘ते’ म्हणतात. दारावर तशी पाटीच आहे: हाडांसमोर नपुंसकलिंगात बोलावे. सात वर्षं हा नियम पाळून मला त्याचा वीट आला आहे.

सोमवारी कालव्याकाठी सापडलेलं कमरेचं हाड आलं. मी ते कॅमेऱ्याखाली ठेवलं. कॅमेरा मापं घेतो, सॉफ्टवेअर निकाल देतं. स्त्री पन्नास टक्के, पुरुष पन्नास टक्के. पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच. धड इकडे ना धड तिकडे.

बाहेर बाकावर कागलकडचे बाळगोंडा आणि त्यांची बायको अक्काताई बसले होते. त्यांची लेक राजमती पुण्यात दिली होती. सहा वर्षांपूर्वी ती सासरहून माहेरी निघाली आणि पोचलीच नाही. बाळगोंडांना हाड पुरुषाचं हवं होतं, म्हणजे लेक कुठंतरी जिवंत राहिली असती. अक्काताईंना ते लेकीचंच हवं होतं. वाट बघून त्या थकल्या होत्या, घरी न्यायला त्यांना काहीतरी हवं होतं.

दोघांना आत घेतलं. पाटी त्यांनी वाचली नाही.

“त्यो आमचा कुणी न्हाई,” बाळगोंडा म्हणाले. हाड चार मिलिमीटर आकसलं.

“तीच हाय,” अक्काताई म्हणाल्या. हाड पसरलं.

“त्यो.”

“ती.”

टेबल करकरायला लागलं. मी दोघांना गप्प बसवलं. तेव्हा हाड बोललं.

“आई, मी आलो.”

आणि ते अरुंद झालं. पुरुष, नव्व्याण्णव टक्के. बाळगोंडांना आनंदानं रडू फुटलं. “बग, कुणाचा तरी पोरगा हाय. आपली जित्ती हाय!” ते गावाला फोन करायला बाहेर धावले.

अक्काताई हलल्या नाहीत. “म्याडम, आमच्याकडं पोरीबी आलोच म्हंत्यात.”

मला ते माहीत होतं. “मी मुरगूडची,” मी त्यांना म्हणाले. दहावीपर्यंत मीही आलो, गेलो, जेवलो असंच म्हणायची. अकरावीला पुण्यात आले, वर्ग हसला, आणि आठवड्यात मी सुधारले. त्या सुधारण्याची मला आजही लाज वाटते.

सॉफ्टवेअरला कोल्हापूर ठाऊक नव्हतं. पाच वाजता अहवाल बंद होणार होता, आणि मग हे हाड बेवारस पुरुष म्हणून पुरलं जाणार होतं. पाचला दहा मिनिटं कमी होती. अहवालाची वेळ संपत आली की आमच्या खोलीच्या भिंती सरकतात; आता त्या मिनिटाला वीतभर आत येत होत्या. एक माझ्या खुर्चीला टेकली होती.

“तिला आले म्हणाय शिकवा,” अक्काताई म्हणाल्या. “सासूनं लई टोकलं, पर तिला जमलं न्हाई. तुमाला जमलंय.”

मी हाडावर वाकले. “आले म्हण.”

“आलो.”

“नीट म्हण. आ-ले.”

“आलो की.”

तो ‘की’ ऐकून अक्काताई हसल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. भिंत माझ्या पाठीला लागली. मी घाबरले आणि आवाज चढवला.

“आले म्हण. लोक हसतील.”

हाड म्हणालं, “आले.”

ते रुंद झालं. स्त्री, नव्व्याण्णव टक्के. नावाचा रकाना उघडला. मी टाइप करायला लागले: रा.

“थांबा,” अक्काताई म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. “ह्यो आवाज तिचा न्हाई.”

“मी आले,” हाड म्हणालं. “मी आले.”

तो माझा आवाज होता, अकरावीतला. दाराबाहेर बाळगोंडा फोनवर सांगत होते, “जित्ती हाय, जित्ती हाय,” आणि रकान्यातलं ‘रा’ आपोआप पुसलं जात होतं.