डाव्या पंखावरची पट्टी

मी एक जुनी रबरी पट्टी आहे मित्रांनो, आणि आत्ता मी ढगात आहे. एका छोट्या खासगी विमानाच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर मला चिकटवलंय. पंखावर बर्फ धरला की वैमानिक बटण दाबतो, माझ्यात हवा भरते, मी टम्म फुगते आणि बर्फ फुटून पडतो. काम एवढंच. पण ते झालं नाही, तर पंखाला विमान पेलवत नाही.

कारखान्यातून आम्ही दोघी एकदमच आलो. उजव्या पंखावर माझी बहीण होती. अकरा हिवाळे आम्ही मिळून बर्फ झटकला. विमानाचे मालक दातांचे डॉक्टर आहेत, विमान स्वतःच चालवतात. उतरल्यावर मला थोपटून म्हणायचे, "शाब्बास गं!" खोटं कशाला बोलू, मी हुरळून जायचे.

मग उन्हानं आम्हाला भेगा पडल्या. गेल्या महिन्यात बहीण फाटली. मेकॅनिकनं माझ्यावरून बोट फिरवलं.

"डॉक्टर, हीसुद्धा गेल्यात जमा आहे. दोन्ही बदलू."

"अहो, फुगतेय ना? मग चालू दे की!"

"एकीकडचा बर्फ पडला नि दुसरीकडचा राहिला, तर विमान कलंडेल."

"तुम्ही म्हणजे ना, उगाच घाबरवता! फाटेल तेव्हा बघू."

उजवीकडे नवी पट्टी आली. मला मेकॅनिकनं नाइलाजानं ठिगळं लावली. वरून डॉक्टरांनी स्वतः काळं पॉलिश फासलं, आणि मी नव्यासारखी दिसू लागले.

आज डॉक्टर आपल्या थोरल्या बहिणीला घेऊन निघालेत. तिची लेक बाळंत झालीय. ताईंच्या मांडीवर बाळाची दुपटी आहेत. मघाशी बर्फ धरला. डॉक्टरांनी बटण दाबलं. उजवीकडचा बर्फ खळकन पडला. मी फुगायला गेले, तर ठिगळाशेजारून सगळी हवा फुस्स! पुन्हा बटण, पुन्हा फुस्स. बर्फ आता बोटभर जाड झालाय. मला फार भीती वाटतेय.

"अरे, इकडचा का पडत नाही?" मागे, माझ्या बाजूला बसलेल्या ताई विचारतात.

"पडेल गं. तू बस निवांत."

मित्रांनो, या माणसानं हजारो लोकांना बजावलंय, की दुखायची वाट बघू नका, आधीच दाखवायला या. तुम्ही तरी आमच्यासारख्यांची चकाकी बघून फसू नका. भेगा बघा, आणि ज्याला त्या कळतात त्याचं ऐका.

विमान डावीकडे झुकू लागलंय. डॉक्टरांनी बटण दाबणं सोडून दिलंय.

"ताई," ते म्हणतात, "सीटबेल्ट आवळून घे. मेकॅनिकनं मला सांगितलं होतं गं."