दोन गाठी

अण्णांच्या उपरण्याची गाठ केतकीनं अजून सोडली नव्हती. त्यांना जाऊन चौथा महिना लागला होता. उपरणं पिशवीत, पिशवी मांडीवर, आणि समोर नांदेडचे डॉक्टर.

"लक्ष न टिकण्याचा हा विकार मोठेपणी एकाएकी लागत नाही," ते मागच्या खेपेला म्हणाले होते. "लहानपणी तुम्हाला जवळून पाहिलेलं कुणीतरी आणा."

आई लवकर गेलेली. अण्णा, म्हणजे औंढ्याच्या देवळात अभिषेक सांगणारे राधाकृष्ण गुरुजी, पौषात गेले. राहिल्या शेजारच्या पद्मामावशी. त्यांना घेऊन ती आली होती.

तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं: आपण आजारी, की निष्काळजी? अण्णांच्या रक्तदाबाच्या गोळ्या ती दर महिन्याला कळमनुरीहून पोचवायची. त्या महिन्यात विसरली. नऊ दिवस अण्णा गोळीविना होते. दहाव्या दिवशी गेले.

"कशी होती ही लहानपणी?" डॉक्टरांनी विचारलं.

"कशी? एक चप्पल पायात, एक शाळेत!" पद्मामावशी हसल्या. "पाण्याला धाडली तर घागर हिरीवर अन् ही घरी. बाप तरी काय कमी? अभिषेक सांगता सांगता यजमानाचं गोत्र इसरायचे. दोघंबी एका माळेचे मणी. म्हणून तर गुरुजी उपरण्याला गाठी मारायचे. एक सोताची, एक हिची."

केतकीनं उपरणं टेबलावर ठेवलं. "मग ही कशाची?"

मावशींचं हसू मावळलं. "गोळ्या सरल्या तवाची. केतकीला फोन करायचा म्हणले, अन् मारली माझ्यासमोर. चार दिसांनी मलाच इचारतेत, 'पद्माबाई, ही गाठ कशाची हो?' मी म्हणलं, तुमची गाठ तुमालाच म्हाईत! चेष्टा केली, माय. मलाबी तवा ध्यानात आलं न्हाई."

पंखा फिरत होता. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, सरकवली.

"रोज सकाळी एक. विसरू नका."

घरी आल्यावर केतकीनं अण्णांच्या गाठीशेजारी दुसरी गाठ मारली आणि उपरणं उशाशी ठेवलं.

सकाळी हात आधी त्यावरच पडला. तिनं गोळी घेतली, वर पाणी प्यायली, आणि आपली गाठ सोडायला बसली.

दोन्ही सारख्याच घट्ट होत्या. आपली कोणती, ते तिला आठवेना.