सव्वादोनला फोन कापणारं भूत

मी एक मोबाईल फोन. सांगतो सगळं, पण आधी बघा, दाराआड कुणी उभं नाही ना? हसू नका. ज्याच्या पोटात दुसऱ्यांची बोलणी साठलेली असतात तो शंकेखोरच होतो. माझा कुणावर विश्वास नाही, आणि माझ्यावरही कुणी फारसा ठेवला नाही.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. पहिला उजेड दिसला तो कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका दुकानाच्या काचेच्या कपाटातून. साल दोन हजार आठ. तेव्हा आमच्याकडं नवी रीत निघाली होती. साखरपुडा झाला की नवऱ्या मुलानं मुलीला मोबाईल द्यायचा. प्रसेनजीतनं मला त्यासाठीच घेतलं. तो मलकापूर आगाराचा, एसटीत कंडक्टर.

"गाणी भरू? गेम भरू?" दुकानदारानं विचारलं.

"भरा की काय असंल ते."

अशा रीतीनं न विचारता माझ्या पोटात एक भुतांचा खेळ शिरला. मला तेव्हाच ते लक्षण बरं वाटलं नव्हतं.

साखरपुड्यात मी निशाच्या हाती गेलो. घर सिद्धार्थनगरात. वडील आण्णा गवंडी, आई बनाबाई सकाळी कपिलतीर्थ मंडईत भाजी विकून बाराला घरी यायची. निशा डी.एड. करत होती. कॉलेजात मोबाईल दिसला की जप्त, म्हणून ती मला घरी, घडी केलेल्या वाकळांच्या खाली ठेवून जायची. परत कधी दोनला यायची, कधी तीनला.

चौथ्या दिवशी दुपारी वाकळेखाली एक हात आला. निशाचा नव्हे. खरबरीत, कोथिंबिरीचा वास येणारा. बनाबाई! माझ्या मनात आलं, झाली झडती सुरू. आई मुलीचे मेसेज चाळणार. आणि ती त्यासाठीच आली होती, मी शपथेवर सांगतो. अक्षरओळख बेताचीच. मेसेजच्या पाकिटाचं चित्र शोधत होती, पण अंगठा घसरला आणि शेजारचं कवटीचं चित्र उघडलं.

वर स्मशान, खाली एक छोटं घर, मधून वाकडी वाट. स्मशानातून भुतं निघतात आणि घराकडं चालू लागतात. वाटेच्या कडेला आपण बुरूज बांधायचे. एक आग फेकतो, एक भुतांना जागेवर गोठवतो. दहा भुतं दारातून आत गेली की खेळ खलास.

पहिल्या दिवशी दहाच्या दहा आत गेली. बनाबाई चिडली. "आरं मुडद्यांनू, घर काय मोकळं पडलंय व्हय?" म्हणाली आणि परत बसली. आठवड्यात ती अशी तयार झाली की बुरूज कुठं बांधायचा हे तिला विचारावं. पाकिटाचं चित्र ती पार विसरली.

पण मी विसरलो नाही. माझा संशय चालूच. रोज दाराला कडी घालून ही बाई मला का घेते? निशाची पावलं वाजली की घाईनं परत वाकळेखाली का लपवते? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

खरी पंचाईत सव्वादोनला व्हायची. प्रसेनजीतची गाडी तेव्हा मलकापूर स्टँडवर टेकायची. पुढं आंबा घाटात रेंज नसायची, म्हणून तो जेवता जेवता तिथूनच निशाला फोन लावायचा. मी वाजायचो, भुतं गायब व्हायची, पडद्यावर त्याचं नाव यायचं. नेमकी भुतं दारात आलेली असायची.

"आत्ता ग बया!" म्हणून बनाबाई लाल बटण दाबायची. पुन्हा भुतं, पुन्हा बुरूज.

संध्याकाळी प्रसेनजीत निशाला विचारायचा, "उचलला न्हाईस तर समजतो मी. पण कापतंय कोण?"

"मी घरात नव्हतोच हो," ती म्हणायची. आमच्याकडं बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात.

"मग काय भूत कापतंय?"

निशानं आईला विचारलं. बनाबाईनं हात झटकले. "मी कशाला हात लावू त्या डबड्याला?"

डबडं! रोज दुपारी मांडीवर घेऊन बसतेस ते डबडं? पण मला स्वतःचं तोंड कुठं होतं?

निशा मला दुकानात घेऊन गेली. दुकानदारानं उघडून बघितलं आणि सांगितलं, फोन ठणठणीत आहे. म्हणजे आता संशयाला एकच जागा उरली, आणि ती निशा. प्रसेनजीतचा आवाज दिवसेंदिवस कोरडा होत गेला. निशा रात्री उशीत तोंड खुपसून रडायची. आणि सांगायला लाज वाटते, मलासुद्धा वाटायचं की ही दुपारी कॉलेजातच असते कशावरून?

एका रविवारी दुपारी प्रसेनजीत आपल्या आत्याला, मीनाबाईला, घेऊन आला. जयभीम झाला, पाणी झालं, पण मीनाबाईनं तांब्याला हात लावला नाही.

"फोन दिला आमच्या पोरानं आन् बोलणं दुसऱ्याबरं? कोण हाय त्यो, नाव सांग. न्हायतर हितंच मोडलं म्हणा."

आण्णानं मान खाली घातली. निशा भिंतीला टेकून उभी राहिली. रडण्याच्या पलीकडं गेली होती पोरगी. मी सगळ्यांच्या मधे, चटईवर, आरोपीसारखा पडलेलो.

बनाबाई चहा घेऊन आली. तिनं पोरीच्या तोंडाकडं बघितलं आणि ताट खाली ठेवलं.

"मी कापत हुतो."

"तुम्ही? कशापायी?" प्रसेनजीतनं विचारलं.

"भुतं मारत हुतो. लाज वाटली. म्हातारी पोरीच्या फोनवर खेळती म्हटल्यावर ल्वॉक काय म्हणतील? आठ वर्साची हुतो तवापास्नं भाजीची पाटी डोईवर. कवा खेळलोच न्हाय ओ मी. ह्ये येवढं एकच गावलं."

मीनाबाई माझ्यापेक्षा शंकेखोर. "पोरीवर पांघरूण घालताय. खरं असंल तर दावा खेळून."

बनाबाईनं मला उचललं. पहिली तीन भुतं सरळ दारातून आत गेली. मीनाबाईनं "हं" केलं. मग बनाबाईनं पदर खोचला, ओठ दाबले. बुरूज उठू लागले. मीनाबाई न कळत पुढं सरकली. "त्यो डावीकडचा... अगं बाई, निसटला!"

प्रसेनजीत कधी दाराबाहेर गेला कुणाला कळलं नाही. त्यानं तिथून फोन लावला. मी वाजलो. भुतं गायब, त्याचं नाव पडद्यावर.

लाल बटण! बनाबाईचा अंगठा आपसूक गेला, आणि तोंडून ओरड, "आरं थांब की मर्दा, शेवटची चार हायती!"

आण्णा हसला, प्रसेनजीत दारात हसत उभा राहिला, मीनाबाईनं गार झालेला चहा घटाघटा पिऊन टाकला. निशा एकदम रडायला लागली. लग्न वाचलं.

पण एक गोष्ट उरली होती. पाहुणे गेल्यावर चुलीपाशी बनाबाई मुलीला म्हणाली, "खेळ मागनं. पयल्यांदा तुझं मेसेज बघायलाच हात लावलो हुतो मी." निशा "बरं" म्हणाली आणि भांडी घासायला बसली. त्यावर दोघी पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

लग्नानंतर निशानं नवा फोन घेतला, मी इथंच राहिलो. माझं बुरूज बांधायचं पाच नंबरचं बटण झिजलंय, बॅटरी तासभरही टिकत नाही. बनाबाई मंडईतून आली की मला चार्जरला लावून शेजारी बसते. तो खेळ तिनं त्या दिवसापासून उघडलेला नाही. निशा मलकापुरातून आठवड्याला एकदा फोन करते, आणि दुसरी रिंग व्हायच्या आत बनाबाई हिरवं बटण दाबते.

मी आजवर सगळ्यांवर संशय घेतला. आता माझी बॅटरी संपत आलीय, म्हणून एकच मागणं मागतो. निशा, पोरी, पुढच्या वेळी बोलताना तिला एवढं सांग, "आये, खेळत असलीस तर माझा फोन खुशाल काप. मी परत लावतो."