दारू भरायचं मशीन

आमच्या घरी एक बंदूक आहे. म्हणजे परवान्यावर आहे. प्रत्यक्षात ती बराच काळ पोलिसांच्या कपाटात असते, कारण निवडणूक जाहीर झाली की हत्यारं जमा करावी लागतात, आणि आपल्याकडे निवडणूक कधी नसते? लोकसभा झाली, विधानसभा झाली, मग नगरपालिका, तिच्या पाठोपाठ जिल्हा परिषद. दरवेळी माझे यजमान उपेंद्र ती सासऱ्यांच्या जुन्या धोतरात गुंडाळतात आणि स्कूटरवर मागे बसलेल्या माझ्या मांडीवर देतात. मी ती लेकरासारखी सांभाळत भोरच्या बाजारातून जाते. ओळखीचे लोक हसून विचारतात, "काय वहिनी, पोचवायला निघालात का आणायला?"

बंदूक सासऱ्यांची. विंझरला डोंगराच्या पायथ्याशी आमची तीन भातखाचरं आहेत आणि तिथे रानडुकरांचा फार उपद्रव. म्हणून पीक राखायला परवाना मिळालेला. सासरे आभाळाकडे तोंड करून एक बार काढायचे आणि डुकरं डोंगरात पळायची. उपेंद्रच्या नावावर बंदूक झाल्यापासून एकूण दोन बार निघाले, त्यातला एक घरात साफसफाई करताना. पत्र्याला पडलेलं भोक अजून तसंच आहे. पावसाळ्यात मी त्याखाली पातेलं ठेवते.

खाचरं कसतात कुंडलिक आणि त्याची बायको रत्ना. निम्मा भात त्यांचा, निम्मा आमचा. आम्हाला तो भात म्हणजे कौतुक. चार लोकांना इंद्रायणीच्या पिशव्या वाटायच्या आणि 'घरचा आहे हो' म्हणायचं. त्यांना तो वर्षभराचा घास. यंदा पीक असं आलं होतं की बांधावर उभं राहिलं तरी वास यावा. दसऱ्यानंतर लोंब्या भरायला लागल्या आणि डुकरं खाली उतरायला लागली. कुंडलिक भोरला आला, उंबऱ्यापाशीच टेकला आणि म्हणाला, "सायेब, तारेची जाळी तेवढी आना. खांब आमी तोडतो, रवायचं काम बी आमचं. ह्या टायमाला भात ग्येला तर लई वांदे व्हतील."

"जाळी हा तात्पुरता उपाय आहे," उपेंद्र म्हणाले.

उपेंद्र पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. तात्पुरत्या उपायांचा त्यांना मनस्वी तिटकारा. नोकरीत असताना कालव्याची एक चारी गळत होती तर त्यांनी ती बुजवू दिली नव्हती, सबंध कालव्याचाच नवा आराखडा केला होता. चारी अजून गळते.

त्याच सुमारास त्यांनी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. कुठल्याशा देशातला एक ढेरपोट्या गृहस्थ आपल्या गॅरेजमध्ये काडतुसं भरायचा दट्ट्या मोटारीवर चालवत होता. एक गोल चकती. तिच्यावर रिकामी काडतुसं उभी. चकती एक घर पुढे सरकली की एकात दारू पडते, दुसऱ्यात बूच बसतं, तिसऱ्यात छर्रे, चौथ्याचं तोंड मिटतं, आणि पाचवं तयार होऊन टपकन खोक्यात. माणसानं नुसतं बघत उभं राहायचं. उपेंद्रनी तो व्हिडिओ जेवताना पाहिला, पूजा करताना पाहिला, आणि मग मला जवळ बसवून दाखवला. तोंडावर असा आनंद की मला एकदम आमचं लग्न ठरलं तेव्हाचे उपेंद्र आठवले. म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही.

गच्चीवरच्या खोलीत कारखाना सुरू झाला. माझ्या शिलाई मशीनची मोटर त्यात गेली. तेलाच्या मोठ्या डब्याचं नरसाळं झालं. "एवढं मोठं?" मी विचारलं. "सारखं भरत बसायला नको," ते म्हणाले. नरसाळं निम्म्याच्या खाली गेलं की तांबडा दिवा लागायचा आणि पिपाणी वाजायची, म्हणजे माल कमी आहे. वीज गेली तरी हे चालावं म्हणून त्याला वेगळी बॅटरी.

आता घरी काडतुसं भरायची तर वेगळी परवानगी लागते. तिचा अर्ज त्यांनी केला होता. ती येईपर्यंत कायदा मोडायचा नाही, यावर ते ठाम. म्हणून सासऱ्यांच्या ट्रंकेतली रिकामी काडतुसं, दारूच्या जागी रवा आणि छऱ्यांच्या जागी साबुदाणा. माझ्या चतुर्थीच्या डब्यातला.

"अहो, पण बंदूक तर ठाण्यात आहे," मी म्हटलं.

"ती सुटून येईल तेव्हा आपण तयार नको?"

बंदूक नाही, दारू नाही, छर्रे नाहीत. पण काडतुसं ताशी तीनशे या वेगानं तयार. मी खाली येऊन स्वयंपाकाला लागायची आणि वरून खटक, खटक, टप असा आवाज यायचा. कुंडलिकचे दोन फोन येऊन गेले. दोन्ही वेळा उपेंद्रनी "होत आलंय" असं सांगितलं. कुंडलिकला वाटलं जाळी.

शनिवारी सकाळी रत्नाचा फोन आला. मी कणीक मळत होते, वर खटक खटक चाललं होतं, चहा दोनदा गरम करून झाला होता आणि माझं डोकं उठलेलं.

"वैनी, सायेबांना द्या की जरा. काल रातच्याला..."

"कुठले साहेब?" मी म्हटलं. "तुझे साहेब उजाडल्यापासून दारू भरत बसलेत. ना आंघोळ, ना खाणं."

"दारू?"

"हो गं बाई, दारू. खूळ घेतलंय डोक्यात. आणि उद्या मशीन टेम्पोत घालून तुमच्याकडेच येतायत. कुंडलिकला शिकवणार म्हणे."

"आमच्या ह्यास्नी?" रत्नाचा आवाज बारीक झाला होता. मग फोन बंद झाला. विंझरला रेंज तशी जातेच, म्हणून मी परत कणकेकडे वळले.

कुंडलिक एके काळी प्यायचा, हे मला ठाऊक होतं. शेजारच्या वस्तीवरचा गुत्ता गावातल्या बायकांनी लाटणी-मुसळं घेऊन बंद पाडला तेव्हा रत्ना सगळ्यांच्या पुढे होती, हेही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि वेळेवर आठवणं यात फरक आहे.

रविवारी आम्ही नसरापूर ओलांडून विंझरला पोचलो. टेम्पोतून मशीन उतरवलं आणि कुंडलिकच्या पडवीत मांडलं. वर चादर झाकलेली. कुंडलिक खाली मान घालून उभा होता. मशीन बघून दबलाय, असं उपेंद्रना वाटलं. त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलंसुद्धा.

तेवढ्यात बायका आल्या. पुढे रत्ना, तिच्या शेजारी तिची सासू बाळाबाई, मागे अंबूबाई, रतनबाई आणि आणखी बऱ्याच. रत्नाच्या हातात मुसळ. भात कांडता कांडता आली असेल, असं मला वाटलं. हल्ली भात गिरणीवर जातो, हे तेव्हा सुचलं नाही.

उपेंद्र खूश झाले. "या, या! बायकांनी अशा गोष्टींत रस घेतलाच पाहिजे." आणि त्यांनी चादर ओढली.

"ह्ये करतंय काय?" बाळाबाईंनी विचारलं.

"दारू भरतं."

"घरच्या घरी?"

"घरच्या घरी! तीच तर गंमत आहे, आजी. पुण्याच्या दुकानात हेलपाटे नकोत. ह्या नरसाळ्यात एकदा दारू ओतली की पुढचं सगळं आपोआप. तासाला तीनशे बार."

"तीनशे बार!" अंबूबाईंनी पदर तोंडाला लावला. "आख्ख्या तालुक्यात न्हाईत एवढं."

"नाहीतच," उपेंद्र अभिमानानं म्हणाले.

मला तिथेच उमगलं की गाडी कुठे चाललीय. तोंड उघडायला हवं होतं. पण खरं सांगते, मला मजा यायला लागली होती. इतके दिवस खटक खटक ऐकलं होतं, म्हटलं होऊ दे थोडी करमणूक.

"आन भरनार कोन?" रत्नानं विचारलं.

"कुंडलिक! मी त्याला तयार करतो. संध्याकाळी शेतावरून आला की तासभर बसायचं, बस्स. महिनाभरात त्याचा हात असा बसेल की माझी गरज उरणार नाही."

"परवाना हाय?"

"अर्ज केलाय. तोवर रव्यावर भागवतोय. पण एकदा खरी दारू पडू दे, मग बघ तुझा नवरा."

पुढचं फार झटपट झालं. रत्नानं मुसळ उचललं आणि चकतीवर घातलं. बाळाबाईंनी पायानं मोटर लोटली. रवा उडाला, उपेंद्रच्या चष्म्यावर बसला. तांबडा दिवा लागला, पिपाणी बोंबलायला लागली आणि काडतुसं पडवीभर घरंगळली. एक अंबूबाईंच्या पायाशी आलं. त्यांनी ते उचललं, नखानं तोंड उकललं आणि तळहातावर उपडं केलं.

"आगं बया! ह्यो तर साबुदाना."

"दारू कुठंय?" बाळाबाई ओरडल्या.

"बंदुकीची दारू हो!" उपेंद्र रडकुंडीला आले होते. "बंदुकीची! काडतुसं आहेत ही! डुकरांसाठी!"

मग रतनबाई फिस्सकन हसल्या आणि सगळ्याच बायका हसायला लागल्या. मीसुद्धा. मी तर खांब धरून हसले. रत्ना मात्र मुसळ टेकवून तशीच उभी होती.

"डुकरांसाटी?" तिनं विचारलं. "आपल्या भाताच्या राखनीला?"

"हो ना गं."

"आन बंदूक कुठंय?"

"ती... ठाण्यात जमा आहे. आचारसंहिता आहे ना."

"आन बंदुकीची दारू?"

"परवानगी आली की."

"आता भात कुठंय, त्ये बी इचारा की, सायेब."

हसणं थांबलं. कुंडलिकनं तोंड फिरवलं.

"शुक्कीरवारी राती कळप शिरला," रत्ना म्हणाली. आवाज चढवून बोलली असती तर बरं झालं असतं. "खालची दोनी खाचरं लोळवली. कापनीवर आलेला भात, सायेब. उजाडल्या उजाडल्या म्या फोन क्येला. म्हटलं, वरचं एक राहिलंय, आता तरी जाळी धाडा. तर वैनी म्हनल्या, सायेब दारू भरत्यात."

सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांब सोडला.

आम्ही खाली गेलो. खाचरं कुणी नांगर धरून उलटसुलट फिरल्यासारखी झाली होती. चिखलात रुतलेली लोंबी, चघळून टाकलेला पेंढा, आणि तरीही तो वास. इंद्रायणीचा वास चिखलातसुद्धा येत होता. मला तो सहन होईना. उपेंद्र बांधावर उकिडवे बसले आणि एक लोंबी उचलून पुसायला लागले. आपल्या शर्टानं पुसत होते. कुंडलिक म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, सायेब." ते पुसतच राहिले.

वरचं खाचर वाचलं होतं, कारण तिथे बाळाबाई रोज डबा बडवत बसायच्या. ते खाचर म्हणजे आमच्या अंगणाएवढं, आणि त्याचीही एक कड खाल्लेली.

सोमवारी उपेंद्र स्वतः टेम्पोत बसून जाळी घेऊन गेले. खांब रोवायलाही थांबले, हाताला फोड आले. त्या अंगणाएवढ्या तुकड्याभोवती अशी भक्कम जाळी बसली की रत्नाला आत शिरायला वाकावं लागायचं. मशीन परत गच्चीवर आलं. चकती वाकलेली, मोटर जळलेली. नरसाळं, दिवा आणि पिपाणी तेवढी शाबूत राहिली.

दिवाळी होऊन गेली, थंडी पडली. एका दुपारी रत्ना एसटीनं भोरला आली. डोक्यावर पिशवी. आमचा वाटा, गिरणीतून सडून आणलेला.

"अगं, हे काय?" मी म्हटलं. "यंदा सगळा तुम्हीच ठेवायचा. मी कुंडलिकला म्हटलं होतं."

"न्हाई वैनी. वाटा त्यो वाटा. उद्या कुनी म्हनायला नको, डुकरांनी खाल्ला का आमी खाल्ला."

"रत्ना, मी त्या दिवशी तुझं ऐकून घ्यायला हवं होतं गं. चुकलंच माझं."

"व्हय," ती म्हणाली. मग म्हणाली, "पानी द्या की जरा."

मी पाणी दिलं, चहा टाकला. उपेंद्रनी पिशवी उचलली. उंदरांपासून जपायला त्यांना एकच जागा ठाऊक. गच्चीवरचं नरसाळं त्यांनी धुऊन पुसून, खालचं तोंड बुजवून ठेवलं होतं, त्याला झाकणही होतं. ते जिना चढून गेले. तांदूळ पत्र्यात पडल्याचा सर्र आवाज आला. फार वेळ आला नाही.

मग बटणाचा खट्ट आवाज आला आणि पिपाणी वाजायला लागली.

रत्नानं कप खाली ठेवला. "काय वाजतंय वो?"

"मशीन आहे," मी म्हटलं.

"आजून चालतंय?"

"तेवढंच चालतं. माल कमी पडला की वाजतं."

ती वर बघत राहिली. मी वाट पाहिली की उपेंद्र आता बटण बंद करतील. त्यांनी ते केलं नाही. चहा गाळून झाला तरी पिपाणी वाजतच होती. शेवटी मी जिना चढून गेले. उपेंद्र झाकण हातात धरून नरसाळ्यात बघत उभे होते, आणि तांबडा दिवा लागलेला होता.