राळ घासणारा हात

संगीतशाळेत व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंचा डावा कान दगा देऊ लागला, तेव्हा त्यांनी ती गोष्ट जगात एकाच माणसाला सांगितली. तो माणूस म्हणजे त्यांचा धाकटा दीर. त्याच शाळेत, भिंतीपलीकडच्या खोलीत, तो चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं थोरलं व्हायोलिन, शिकवायचा.

दुखणं विचित्र होतं. बहिरेपण म्हणावं तर तसं नाही. हाक ऐकू येई, दाराची कडी वाजली की कळे. पण एकच स्वर उजव्या कानाला एक आणि डाव्या कानाला किंचित वरचा ऐकू येई. व्हायोलिनची सगळ्यांत बारीक तार लावायला घेतली की दोन कान दोन गोष्टी सांगत आणि खरं कोण बोलतंय ते बाईंना कळेना. डॉक्टर म्हणाले, जन्मभर ते वाद्य डाव्या हनुवटीखाली धरलंत, कान झिजलाय, आता वाढू नये एवढंच बघायचं.

स्वर लावायची यंत्रं बाजारात मिळतात, हे बाईंना काय ठाऊक नव्हतं? पण यंत्र बघून तार लावणाऱ्यांची त्यांनीच उभा जन्म टिंगल केली होती. कान गहाण टाकून संगीत शिकता येत नाही, हे त्यांचं वाक्य शाळेतल्या शिपायालाही पाठ होतं. आता कुठल्या तोंडाने खिशातून यंत्र काढणार?

दिरावर त्यांचा जीव होता. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा तो शाळकरी होता. आई नसलेला, अंगाने उंच, तोंडाने मुका. घरात नवऱ्याचं वाद्यं दुरुस्त करायचं काम चाले. तिथे पडलेल्या एका जुन्या चेलोपाशी बाईंनीच त्याला बसवलं, कारण हात लांब होते. गज धरायला त्यांनी शिकवलं, पुढे चांगल्या गुरूकडे त्यांनीच पाठवलं, आणि शाळेत जागा निघाली तेव्हा प्राचार्यांकडे शब्दही त्यांनीच टाकला. लाडाने त्या त्याला ठोंब्या म्हणत. घरी म्हणत आणि शिक्षकांच्या खोलीतही म्हणत. तो हसायचा.

कानाचं ऐकून त्यानेच युक्ती काढली. लहान मुलांना आपली वाद्यं लावता येत नाहीत, ती बाईच लावून देत. त्या वेळी तो चेलो घेऊन समोर बसेल. तार चढली असली तर गज जरा वर धरेल, उतरली असली तर खाली. बरोबर लागली असली तर काही नाही, गजाच्या केसांना पकड देणारी राळ घासत राहील. कुणाला काय कळतंय, वहिनी, असं तो म्हणाला होता. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

तेव्हापासून हे बिनबोभाट चाललं होतं. राळ घासणाऱ्या त्या हातावर बाईंनी स्वतःच्या कानापेक्षा जास्त भरवसा ठेवला होता.

त्या वर्षी तंतुवाद्य विभागाचे प्रमुख निवृत्त होणार होते. ती जागा बाईंकडेच येणार, असं शाळेत सगळे धरून चालले होते. बाईही धरून चालल्या होत्या, फक्त बोलत नव्हत्या.

वार्षिक कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह पालकांनी भरलं होतं. पियानोवर स्वतः प्राचार्यबाई होत्या. रंगमंचावर बाई एकेका मुलाचं व्हायोलिन हातात घेऊन खुंट्या पिळत होत्या, आणि समोर खुर्चीत दीर शांतपणे राळ घासत होता. एक झालं, दुसरं झालं, हात थांबला नाही. आज आपला कान बरा दिसतोय, असं बाईंच्या मनात येऊन गेलं. शेवटी त्यांनी वर्गातल्या एका चष्मेवाल्या मुलीचं व्हायोलिन लावलं. तिला एकटीला वाजवायचं होतं. वर्षभर त्या मुलीने मान मोडून तयारी केली होती.

प्राचार्यबाईंनी पियानोवर पहिला स्वर दिला आणि मुलांनी गज टेकवले.

जे वाजलं ते बाईंना नीट कळलं नाही, पण समोरच्या रांगेतली तोंडं कळली. कुणी भुवया उंचावल्या, कुणी शेजाऱ्याकडे बघून तोंडावर हात धरला. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मुलं गोंधळून एकमेकांकडे बघत वाजवत राहिली. चष्मेवालीची पाळी आली तेव्हा ती बिचारी बोटं सरकवून सरकवून स्वर शोधायला लागली आणि मधेच थांबली. मग प्राचार्यबाई उठल्या, तिचं व्हायोलिन घेऊन सगळ्यांदेखत त्यांनी बारीक तार चढवली, आणि मग बाकीच्यांचीही. मुलीने पुन्हा वाजवलं, पण रडत रडत. बाईंनी दिराकडे पाहिलं. तो आपल्या गजाकडे बघत होता.

घरी आल्यावर बाईंनी नवऱ्याला कानाचं आणि युक्तीचं पहिल्यांदाच सांगितलं, आणि वर त्याच दिराची बाजू घेत होत्या. सभागृहात गलका होता, त्याला ऐकू आलं नसेल. माणूस आहे, चुकतं. नवरा कामाच्या बाकावर व्हायोलिनच्या तारांखालच्या एका घोडीला कानस मारत बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कानस चालू ठेवली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यबाईंनी बोलावलं. त्या वाईट नव्हत्या. चहा मागवला, दार लावलं आणि फार जपून बोलल्या. तुमच्या कानाबद्दल मला तुमच्या दिरांनी बऱ्याच दिवसांपूर्वी सांगितलं होतं, म्हणाल्या. मी विश्वास ठेवला नाही. एवढ्या नावाजलेल्या शिक्षिकेबद्दल ऐकीव गोष्टीवर कसा ठेवणार? तेव्हा ते म्हणाले, हातच्या कांकणाला आरसा कशाला, कार्यक्रमात तुम्हीच बघा. विभागाची जबाबदारी आता त्यांच्याकडे द्यायचं ठरतंय. तुम्ही नव्या मुलांचा वर्ग घ्या, बसणं-उठणं, गज धरणं, असं.

बाईंनी चहा पूर्ण प्यायला. कप बशीत ठेवून त्या उठल्या.

चेलोच्या खोलीत दीर एकटाच होता. बाईंनी दार आतून लोटलं.

“काल तुला ऐकू आलं होतं ना?”

“आलं होतं.”

“पहिल्याच व्हायोलिनला?”

“पहिल्याच.”

मग तो बोलायला लागला. कधी ना कधी हे उघडं पडणारच होतं, मी किती दिवस झाकणार, मुलांचं नुकसान होत होतं, तुम्ही सांगून ऐकलं नसतं. बाईंनी मधेच विचारलं, “तू सांगून बघितलंस कधी?” तो खिडकीकडे वळला आणि वेगळ्याच आवाजात म्हणाला, “माझी मुलं मला पाठीमागे ठोंब्यासर म्हणतात, वहिनी. तुम्हाला ठाऊक आहे? माझ्या वर्गात कुणी चांगलं वाजवलं तर लोक म्हणतात, वहिनींचे संस्कार. मी या शाळेत कधी माझा म्हणून नव्हतोच.”

हे बाईंना खरोखर ठाऊक नव्हतं. ते त्यांना लागलं, आणि खरं वाटलं म्हणून जास्तच लागलं. इतकी वर्षं हा हसत होता, ते हसणं काय होतं?

“हे मला सांगितलं असतंस तर त्याच दिवशी जीभ आवरली असती,” त्या म्हणाल्या. “माझी फजिती करायची होती तर चार भिंतींत करायचीस. त्या पोरीला कशाला रडवलंस?”

बाई दारापाशी गेल्या. तिथून वळून त्या म्हणाल्या, “उद्यापासून माझ्या वर्गात तुम्ही येऊ नका, भाऊजी.”

तो शाळकरी होता तेव्हापासून त्यांनी त्याला अरे-तुरे केलं होतं. त्याचा चेहरा एकदम उतरला. बाई थांबल्या नाहीत.

केसाने गळा कापला म्हणतात तो असा, हे नवऱ्याला सांगायचं म्हणून त्या तरातरा घरी आल्या. सांगितलंही. नवरा ऐकत होता, पण त्याला नवल वाटलेलं दिसेना. बाईंचं बोलणं हळूहळू मंद होत थांबलं.

“तुम्हाला माहीत होतं,” त्या म्हणाल्या.

“कानाचं त्याने आधीच सांगितलं होतं. मी म्हटलं, तू आपणहून सांगशील.” त्याने हातातली घोडी उलटसुलट केली. “परवा म्हणाला, कार्यक्रमात एकदा कळलं की वहिनी स्वतःच थांबतील. मी म्हटलं, बघ बाबा.”

“बघ बाबा म्हणालात.”

“मी नीटसं विचारलं नाही गं, तो काय करणार आहे ते. माझा भाऊ आहे तो.”

“आणि मी?”

नवऱ्याने पुन्हा कानस उचलली. बाईंना वाटलं होतं रडू येईल, पण आलं नाही. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथे नुसत्याच उभ्या राहिल्या. आपल्या पाठीमागे दोन भाऊ आपल्याबद्दल बोलत होते, या बाकापाशी बसून, बहुतेक आपणच केलेला चहा पीत, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

दीर विभागप्रमुख झाला. बाईंनी शाळा सोडली नाही. सोडली असती तर त्याचंच म्हणणं खरं ठरलं असतं. त्यांनी पालकांना बोलावून उभं राहून सांगितलं की माझा डावा कान गेला आहे, ते मी लपवलं, कार्यक्रमात चूक माझी होती, मुलांची नव्हती. यापुढे वर्गात तार यंत्रावर लागेल. ज्यांना मुलं काढून घ्यायची त्यांनी खुशाल काढावीत. बऱ्याच जणांनी काढली. बाईंनी केलेली टिंगल ज्यांनी सोसली होती ते शिक्षक आता यंत्राकडे बघून हसू दाबत. बाई ते बघून न बघितल्यासारखं करत.

घरात पुन्हा बोलणं सुरू झालं, पण दूध आलं का, दिवा बदलायचाय, एवढ्यापुरतं. दीर यायचा तो नवऱ्याकडे यायचा. बाई त्याला भाऊजी म्हणून पाणी देत, आणि तो ते न पिता उठून जाई.

चष्मेवाली येईनाशी झाली होती. तिची आई म्हणाली, व्हायोलिन कपाटावर ठेवलंय, हात लावत नाही. तेव्हा बाई तिच्या घरी गेल्या. सोफ्याच्या टोकाला बसून त्यांनी तिला सांगितलं की तुझी बोटं बरोबर जागी पडत होती, तारच चुकीची लागली होती, आणि ती मी लावली होती. मुलीने विचारलं, “मग मला लावायला शिकवाल? माझी मी लावीन.”

पुढच्या आठवड्यापासून ती पुन्हा येऊ लागली. कान तल्लख होता, थोड्याच दिवसांत खुंटीवर हात बसला. एके दिवशी तिने बारीक तार लावली, गज फिरवला, डोळे मिटून ऐकलं.

“लागली, बाई.”

बाईंना ती दोन स्वरांत ऐकू आली. मुलीच्या चेहऱ्यावर कसलीच शंका नव्हती. बाईंनी मान हलवली, शाबास म्हणाल्या, आणि तरीही हात पुढे करून मेजावरचं यंत्र आपल्याकडे वळवून पाहिलं.