दाढेच्या खड्ड्यातले किडे

बाजारात मासळीच्या ओट्यांमागे माणसांची भिंत उभी होती. मधोमध वैदू मगोंबो, आणि त्याच्यासमोर तोंड वासून बसलेली एनेलेसी. तिची दाढ मी परवाच आमच्या दवाखान्यात काढली होती.

"दवाखान्याच्या बाईनं घर पाडलं, पण भाडेकरू आतच राहिले," मगोंबो म्हणाला. लोक हसले.

त्यानं बोरूची नळी तिच्या दाढेच्या खड्ड्याला लावून जोरात चोखलं आणि हातातल्या दुमडलेल्या पानावर फुंकर मारली. पान उलगडलं, तर तीन पांढरे किडे वळवळत होते. शेजारी रक्ताची काळपट गुठळी.

"ही त्यांची आई," तो म्हणाला, आणि खड्ड्यात राख-तंबाखू कोंबली.

मी पुढे घुसले आणि त्याच्या टोपलीतलं पुढचं दुमडलेलं पान उलगडलं. पुढच्या रोग्यानं अजून तोंडही उघडलं नव्हतं. किडे मात्र पानात हजर होते.

"हे वाळवणाच्या मासळीतले किडे आहेत. तुम्ही रोज झटकता तेच," मी सगळ्यांना म्हणाले.

ओट्यावरची मासळीवाली म्हातारी शांतपणे म्हणाली, "कुणाच्या तोंडात किती, हे त्याला आधीच कळतं, पोरी. म्हणून मोजून आणतो."

रांग पुन्हा लागली.

मी एनेलेसीला बाजूला घेतलं. "ती आई नव्हती गं. ते जखमेचं झाकण होतं. चल, खड्डा धुऊन देते."

"दुखायचं थांबलंय, बाई." तंबाखूनं बधिर झालं होतं. ती आली नाही.

त्यानंतर पाचव्या दिवशी तिचा नवरा लेकानी तिला सायकलवर बसवून घेऊन आला. गळा हनुवटीपर्यंत सुजलेला, जबडा उघडत नव्हता. इंजेक्शन देऊन मी तिला जिल्ह्याच्या इस्पितळाकडे पाठवलं. ती वाटेतच गेली.

परतल्यावर लेकानीनं विचारलं, "एखादा किडा आत राहिला असेल ना?"

त्याच्यावर रागावायला मला तोंड नव्हतं. दाढ काढली त्या दिवशी बाहेर चाळीस माणसं ताटकळत होती. "चूळ भरू नकोस, थुंकू नकोस," एवढंच मी घाईत सांगितलं. गुठळी का जपायची, ते सांगितलं नाही. गुठळी म्हणजे काय, ते मगोंबोनं सांगितलं, त्याच्या पद्धतीनं.

आता प्रत्येकाला सांगते. दात किडतो, पण त्यात किडे नसतात. दात काढल्यावर कापसाचा बोळा अर्धा तास दाबून धरा. खड्ड्यात धरलेली गुठळी हाडाचं पांघरूण आहे. पहिला दिवस चूळ नको, थुंकणं नको, चोखणं तर नकोच. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी हलकेच तोंडात फिरवा. तंबाखू, राख काही भरू नका. दुखणं वाढलं, सूज किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

लोक मान डोलावतात. मगोंबो आता पलीकडच्या गावात बसतो. तिथली रांग माझ्या दवाखान्यातल्यापेक्षा लांब आहे म्हणतात.